तिप्पट वेगानं संपतो, मग तीननं भागायचं काऊन?

पत्र

सर, नमस्कार. मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यातून लिहीत आहे. दहावीपर्यंत गावच्या मराठी शाळेत शिकली, आता तालुक्याच्या कॉलेजात बारावी सायन्सला आहे. एसटीनं जाणं-येणं करते. केमिकल कायनेटिक्सच्या, म्हणजे अभिक्रियांच्या वेगाच्या धड्याच्या, पहिल्या दोन-तीन पानांतच अडली आहे. अमोनियाच्या समीकरणात हायड्रोजनच्या आधी ३ आहे, म्हणजे तो तिप्पट वेगानं संपतो. मग रेट काढताना त्याला ३ नं गुणायला पाहिजे ना? पुस्तकात तर १/३ लिहिलं आहे. विचारलं तर उत्तर मिळालं, "फॉर्म्युला आहे, पाठ कर." पाठ केला, तरी गणितात कधी गुणते, कधी भागते. दुसरी गोष्ट, हेच आकडे रेट लॉमध्ये (वेग पदार्थांच्या प्रमाणावर कसा अवलंबून आहे ते सांगणाऱ्या सूत्रात) घात म्हणून लिहिले तर काही वेळा उत्तर जुळते आणि काही वेळा पार चुकते. बाबा म्हणतात, "युरियाच्या पोत्याचा हिशोब तर बरोबर सांगतं, मंग हा काऊन येत नाही?" सीईटी द्यायची आहे. पाठच करू, की हा धडा सोडून देऊ?

— बारावीतली एक विद्यार्थिनी

उत्तर

बेटा, धडा सोडू नको. पाठही करू नको, कारण न समजता पाठ केलेलं सूत्र ऐन पेपरात उलटं आठवतं. तुझं तेच होत आहे.

तुझं वाक्य पुन्हा वाच: "हायड्रोजन तिप्पट वेगानं संपतो." खरं आहे. पण कोणाच्या तिप्पट? नायट्रोजनच्या. हा "कोणाच्या" तू गाळलास आणि सगळा गोंधळ तिथूनच सुरू झाला. एक नायट्रोजन आणि तीन हायड्रोजन मिळून दोन अमोनिया होतात. म्हणजे एकाच भांड्यात एकाच वेळी तीन वेग चालू आहेत: नायट्रोजन संपण्याचा, हायड्रोजन संपण्याचा आणि अमोनिया तयार होण्याचा. तिन्हींचे आकडे वेगळे. पुस्तक ज्याला "रेट ऑफ रिअॅक्शन" म्हणतं, तो या तिघांपैकी कोणाचाच नाही. तो चौथा आहे, अख्ख्या अभिक्रियेचा. तू हायड्रोजनचा वेग उचलतेस आणि त्यालाच अभिक्रियेचा वेग समजून पुढं जातेस.

बंडी बनवणाऱ्या सुताराच्या घरचा हिशोब घे. एका बंडीला चाकं दोन लागतात. चाकाला बारा आरे धरले तर बंडीला आरे चोवीस. हंगामाअखेर एकानं फक्त चाकं मोजली, ६ लागली. दुसऱ्यानं फक्त आरे मोजले, ७२ लागले. बंड्या किती झाल्या? चाकंवाला ६ ला २ नं भागतो, आरेवाला ७२ ला २४ नं. दोघांचंही उत्तर ३. आरेवाल्यानं "आरे चोवीस पट लागतात ना" म्हणून गुणाकार केला तर १७२८ बंड्या होतील आणि सुतार त्याला दारात उभं करणार नाही. जी वस्तू एका खेपेला जास्त लागते, तिचा खर्च मोठाच दिसणार. तो मोठेपणा काढून टाकल्याशिवाय काम किती झालं ते कळत नाही. हायड्रोजनचा १/३ एवढ्यासाठीच आहे.

आता आकडे घे. समज, बंद भांड्यात अमोनियाची संहती (एका लिटरमध्ये किती मोल आहे ते) दर सेकंदाला ०.०४ मोल प्रति लिटरनं वाढते आहे. अमोनियाचा सहगुणक, म्हणजे समीकरणातला त्याच्या आधीचा आकडा, २ आहे, म्हणून अभिक्रियेचा वेग ०.०४ भागिले २, म्हणजे ०.०२. हायड्रोजन किती वेगानं संपतो? अभिक्रियेचा वेग ०.०२, हायड्रोजनचा सहगुणक ३, गुणाकार ०.०६. नायट्रोजन ०.०२. झालं. एका पदार्थाकडून अभिक्रियेकडे जाताना भागायचं, अभिक्रियेकडून पदार्थाकडे येताना गुणायचं. अमोनियाकडून थेट हायड्रोजनवर उडी मारायची घाई करू नको. सरावानं ती जमेल, पण सध्या मधे अभिक्रियेच्या वेगावर थांबून जा. तू "कधी गुणते, कधी भागते" म्हणतेस, ते दोन्ही बरोबरच आहे. फक्त कुठून कुठं निघालीस ते वहीत लिहिलेलं नसतं.

उणे चिन्हात फार काही नाही. जे संपतं त्याच्या संहतीतला बदल ऋण येतो आणि वेग आपल्याला धन हवा, म्हणून अभिकारकांपुढं उणे. "हायड्रोजन किती वेगानं संपतो" असं विचारलं असेल तर ०.०६ लिही. "हायड्रोजनच्या संहतीतल्या बदलाचा वेग किती" असं विचारलं तर उणे ०.०६. पर्यायांत हे दोन्ही ठेवलेले असतात, तेवढं पाहून घे.

वेगाच्या आकड्याला समीकरणाशिवाय अर्थ नाही, ही बाब मात्र बरीच मुलं ओलांडून जातात. डायनायट्रोजन पेंटॉक्साइड घे. त्याचे दोन रेणू फुटून नायट्रोजन डायऑक्साइडचे चार आणि ऑक्सिजनचा एक रेणू तयार होतो. समज, १२० मिनिटांत पेंटॉक्साइडची संहती ०.२४ मोल प्रति लिटरनं उतरली. म्हणजे सरासरी मिनिटाला ०.००२. अभिक्रियेचा वेग त्याच्या निम्मा, ०.००१. डायऑक्साइड मिनिटाला ०.००४ नं वाढला, ऑक्सिजन ०.००१ नं.

आता हेच समीकरण कोणी दोननं भागून लिहिलं: एक पेंटॉक्साइड, दोन डायऑक्साइड, अर्धा ऑक्सिजन. हेही संतुलित आहे. पण आता पेंटॉक्साइडचा सहगुणक १ झाला, म्हणून अभिक्रियेचा वेग ०.००२. भांड्यात काहीच बदललं नाही. पेंटॉक्साइड तेवढ्याच वेगानं संपतोय, बदललं ते तुझ्या वहीतलं समीकरण. म्हणून "रेट किती" हा प्रश्न दिसला की प्रश्नात समीकरण कसं छापलं आहे ते पाहायचं. तुझ्या डोक्यात कसं बसलं आहे ते नाही.

वेगस्थिरांक के, म्हणजे रेट लॉमध्ये संहतीला गुणणारा आकडा, याच वाटेनं फसवतो. पेंटॉक्साइडची अभिक्रिया पहिल्या कोटीची आहे, म्हणजे तिचा वेग संहतीच्या पहिल्या घाताच्या प्रमाणात असतो. पेंटॉक्साइडचा सहगुणक २ असलेलं समीकरण धरून अभिक्रियेचा वेग "के गुणिले संहती" असा लिहिला, तर पेंटॉक्साइड संपण्याचा वेग "दोन के गुणिले संहती" होतो. मग अर्धायुष्य, म्हणजे संहती निम्मी व्हायला लागणारा वेळ, ०.६९३ भागिले दोन के. पाठ्यपुस्तकातलं ०.६९३ भागिले के हे सूत्र एक अभिकारक आणि पुढं उत्पादितं, अशा साध्या समीकरणावर मांडलेलं असतं. तिथं सहगुणक १ असतो, म्हणून ते बरोबर आहे. बारावीच्या बहुतेक गणितांत साधंच रूप येतं, पण प्रश्नात सहगुणक २ दिसला आणि के "अभिक्रियेच्या वेगावरून" दिला असेल, तर दोनला विसरू नको.

हे सगळं कागदावर पटत नसेल तर घरी करून पाहा. मेडिकलमध्ये जखमेसाठी हायड्रोजन पेरॉक्साइड मिळतं. बाटलीवर ६ टक्के किंवा २० व्हॉल्यूम लिहिलं असेल तर अर्थ असा, की १ मिलिलिटर द्रावणातून प्रमाण तापमान-दाबाला २० मिलिलिटर ऑक्सिजन निघतो. पेरॉक्साइडचे दोन रेणू फुटून पाण्याचे दोन आणि ऑक्सिजनचा एक तयार होतो. ५० मिलिलिटर द्रावणात तेवढंच पाणी मिसळ, कच्च्या बटाट्याच्या दोन-तीन फोडी टाक. बटाट्यातलं कॅटॅलेज हे विकर अभिक्रियेला वेग देतं. बाटलीच्या तोंडाला सलाइनची नळी घट्ट बसव आणि तिचं दुसरं टोक पाण्यानं भरून बादलीत उलट्या धरलेल्या मोजपात्रात सोड. नळी दबून बंद होणार नाही याकडे लक्ष दे, नाहीतर बाटलीत दाब वाढेल. डोळे जपायचे. द्रावण हाताला लागलं तर कातडी पांढरी पडते, लगेच पाण्यानं धुवायची.

समज, पहिल्या मिनिटात ४९ मिलिलिटर वायू जमला. खोलीच्या तापमानाला १ मोल वायू साधारण २४.५ लिटर जागा घेतो, म्हणून हा ०.००२ मोल ऑक्सिजन झाला. पेरॉक्साइड त्याच्या दुप्पट संपलं, ०.००४ मोल. द्रावण १०० मिलिलिटर, म्हणजे ०.१ लिटर, म्हणून पेरॉक्साइड संपण्याचा वेग ०.०४ मोल प्रति लिटर प्रति मिनिट. अभिक्रियेचा वेग त्याच्या निम्मा, ०.०२. तू मोजलास ऑक्सिजन आणि कळला पेरॉक्साइडचा वेग, तेही पेरॉक्साइडला हात न लावता. प्रयोगशाळेत बहुतेक वेळा असंच चालतं. जे मोजायला सोपं ते मोजायचं, बाकीचं सहगुणकांवरून काढायचं. विद्युत वाहकता, रंगाची गडदता, वायूचा दाब, काहीही चालतं.

आता तुझी दुसरी अडचण. मला विचारशील तर खरी अडचण हीच आहे, पहिली तर एका संध्याकाळची होती.

रेट लॉमधला घात, म्हणजे अभिक्रियेची कोटी, समीकरणाकडे पाहून सांगता येत नाही. तो प्रयोगानंच काढावा लागतो. पेंटॉक्साइडचा सहगुणक २, कोटी १. तापलेल्या प्लॅटिनमवर अमोनिया फुटतो, तिथं सहगुणक २, पण दाब भरपूर असेल तर कोटी शून्य, कारण धातूचा पृष्ठभाग आधीच रेणूंनी भरलेला असतो आणि आणखी अमोनिया आणून काही फरक पडत नाही. नायट्रिक ऑक्साइड आणि हायड्रोजनच्या अभिक्रियेत दोघांचेही सहगुणक २, पण वेग नायट्रिक ऑक्साइडच्या वर्गाच्या प्रमाणात आणि हायड्रोजनच्या फक्त पहिल्या घाताच्या. म्हणजे एकाशी जुळलं, दुसऱ्याशी नाही. नायट्रिक ऑक्साइड आणि ऑक्सिजनमध्ये मात्र दोन्ही जुळतात. म्हणूनच तुझं "काही वेळा जुळते" होतं. जुळलं ते योगायोगानं, पण त्यानं तुझा विश्वास मात्र बसला.

असं का होतं ते एका उदाहरणात दिसतं. नायट्रोजन डायऑक्साइड आणि कार्बन मोनॉक्साइड एकास एक मिळून नायट्रिक ऑक्साइड आणि कार्बन डायऑक्साइड देतात. तापमान ५०० केल्विनच्या खाली असेल तर वेग नायट्रोजन डायऑक्साइडच्या वर्गाच्या प्रमाणात असतो आणि मोनॉक्साइड कितीही वाढवा, वेग हलत नाही. कारण पहिल्या टप्प्यात नायट्रोजन डायऑक्साइडचे दोन रेणू आपसात धडकतात आणि तो टप्पा संथ आहे. मोनॉक्साइड नंतरच्या टप्प्यात येतो आणि तो टप्पा झपकन उरकतो. समीकरणात फक्त शेवटची बेरीज दिसते. टप्पे किती होते आणि त्यातला संथ कोणता, हे त्यात लिहिलेलं नसतं. अभिक्रिया खरोखरच एका टप्प्यात, एका धडकेत होत असेल तरच घात आणि सहगुणक सारखे. प्रश्नात "एलिमेंटरी" हा शब्द दिसला तर सहगुणकच घात म्हणून लिही. तो शब्द नसेल तर दिलेल्या तक्त्यावरून कोटी काढ.

तुझ्या डोक्यात सहगुणक आणि घात यांची गाठ कुठं पडली असावी याचा मला अंदाज आहे. अकरावीत समतोलाचा धडा झाला ना? तिथं समतोल स्थिरांकात सहगुणकच घात होतात आणि नेहमी होतात. कारण समतोलाला वाटेशी देणंघेणं नाही. कितीही टप्पे असोत, प्रत्येक टप्पा पुढं जितका धावतो तितकाच मागं येतो आणि सगळे टप्पे एकत्र केले की मधले पदार्थ कटून शेवटच्या समीकरणाचेच आकडे उरतात. वेगाचं तसं नाही, तो वाटेवर अवलंबून असतो. काटो गुल्डबर्ग आणि पीटर वोगे या नॉर्वेच्या दोघांनी १८६४ मध्ये वस्तुमान क्रियेचा नियम मांडला. दोघं एकमेकांचे साडू होते. सासरच्या गप्पांतून असंही काही निघतं बघ! त्यांनी समतोलाकडे वेगाच्या वाटेनंच जायचा प्रयत्न केला होता. तेव्हा हे दोन्ही एकच वाटण्यात तुझी लाजण्यासारखी काही चूक नाही.

बाबांच्या युरियाबद्दल. ४५ किलोचं पोतं, युरियाचा रेणुभार ६०, म्हणजे साडेसातशे मोल. मातीतलं युरिएज विकर पाण्याच्या साथीनं एका युरियापासून दोन अमोनिया देतं, म्हणून पूर्ण पोत्यातून दीड हजार मोल, साडेपंचवीस किलो अमोनिया. बाबांना हा हिशोब येतो कारण त्यात "किती" आहे. "केव्हा" त्यात कुठंच नाही. तेच पोतं कोरड्या वावरात पडून राहिलं तर तसंच राहतं आणि पाऊस येऊन माती ओली-गरम झाली की काही दिवसांत फुटतं. आपल्या काळ्या चुनखडीच्या जमिनीत वर-वर फेकलेल्या युरियातला अमोनिया हवेत उडूनही जातो, म्हणून तो मातीआड करायला सांगतात.

आणि इथंच तुझ्या धड्याची एक अट दिसते. मातीत त्या अमोनियाचं अमोनियम होतं, मग जिवाणू त्याचं आधी नायट्राइट आणि नंतर नायट्रेट करतात. पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, मुख्यत्वे नायट्रेट घेते. आता पाऊस झाल्यावर चौथ्या-पाचव्या दिवशी कोणी मातीतलं नायट्रेट मोजलं आणि "एक युरियापासून शेवटी दोन नायट्रेट, म्हणून नायट्रेटच्या वेगाला २ नं भागून युरियाचा वेग काढतो" म्हणालं, तर उत्तर चुकेल. युरिया भराभर संपतोय, नायट्रेट सावकाश येतंय आणि मधे अमोनियम साठलंय. सहगुणकांनी वेग जोडायचे तर मधला पदार्थ साठता कामा नये. शिवाय भांड्याचं आकारमान स्थिर हवं, नाहीतर संहती नुसती जागा वाढल्यानंही उतरते. पुस्तकातल्या गणितांत या दोन्ही गोष्टी गृहीत धरलेल्या असतात, म्हणून त्यांचा उल्लेख सापडत नाही.

अभ्यासाचं सांगायचं तर वहीत प्रत्येक गणिताच्या आधी एक ओळ मराठीत लिही: "दिला आहे अमुकचा वेग, हवा आहे तमुकचा." पेपर इंग्रजीत असला तरी विचार मराठीत करायला कोणी अडवत नाही. संज्ञा इंग्रजीत ठेव, नाहीतर पर्याय ओळखता येणार नाहीत. एसटीत बसल्या-बसल्या तोंडी गणितं करायला हा धडा फार सोयीचा आहे, आकडे लहान असतात.

आता हे सोडव. आम्लयुक्त द्रावणात ५ ब्रोमाइड, १ ब्रोमेट आणि ६ हायड्रोजन आयन मिळून ३ ब्रोमिन आणि ३ पाणी देतात. ब्रोमिन ०.०३ मोल प्रति लिटर प्रति सेकंद या वेगानं तयार होतंय. बाकी सगळ्यांचे वेग काढ. अभिक्रियेचा वेग ०.०१, ब्रोमाइड ०.०५, हायड्रोजन आयन ०.०६, ब्रोमेट ०.०१ आलं तर पहिली अडचण सुटली. मग प्रयोगानं मिळालेला रेट लॉ पाहा: ब्रोमाइडचा घात १, ब्रोमेटचा १, हायड्रोजन आयनचा २, एकूण कोटी ४. सहगुणकांची बेरीज मात्र १२. बारा घातांची अभिक्रिया एका धडकेत होत असती तर बारा कणांना एकाच क्षणी एकाच जागी यावं लागलं असतं. ते का होत नाही, हे दोन ओळींत लिहून पाठव.